शाहूपुरीत वाळूची घरची कामं : पोती किती, खर्च किती

घरच्या छोट्या कामाला लागणारी वाळू महाग नसते. महाग पडतं ते तिचं आणणं, जिन्यावरून वाहणं आणि काम संपल्यावर उरणं. कोल्हापूरच्या शाहूपुरीत हे जास्तच जाणवतं. 1895 साली शाहू महाराजांच्या काळात गुळाच्या व्यापारासाठी वसलेली ही पेठ आज दुकानं, गोदामं, अपार्टमेंट आणि मधूनमधून टिकून राहिलेली परसाची घरं अशी मिसळलेली आहे. गल्लीत ट्रक उभा करायला जागा मिळत नाही. वाळू दारात ओतली तर रहदारी अडते, आणि पाऊस आला की अर्धी गटारात जाते. म्हणून इथं घरकाम हाती घेणाऱ्यानं आधी घनफूट मोजावेत, मग पोती मोजावीत आणि दर सगळ्यात शेवटी विचारावा.

हिशेबासाठी मी पुढचे दर धरले आहेत. धुतलेली क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) ब्रासला 5,000 रुपये, तीच सुट्या पोत्यात 90 रुपयांना एक पोतं, सिमेंटची गोणी 400, छोटा हत्ती टेम्पोची शहरातली एक खेप 600, गवंडी दिवसाला 1,000 आणि हाताखालचा माणूस 700. हंगाम आणि अंतर बदललं की हे आकडे हलतात. तुमच्या दुकानदाराचा दर घालून बेरीज पुन्हा करा. घनफूट मात्र तेच राहतील.

माप आधी

एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. कोरड्या वाळूचं एक घनफूट साधारण 45 किलो भरतं, म्हणजे ब्रास साडेचार टनांचा. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत उचलता येईल इतकी वाळू भरली की ती एक घनफुटाच्या आसपास असते. घरात रंगाचा 20 लिटरचा रिकामा डबा असेल तर तेच माप वापरा. काठोकाठ भरला की त्यात 0.7 घनफूट, म्हणजे सुमारे 32 किलो वाळू बसते.

छोटा हत्तीची क्षमता साधारण 750 किलोची. म्हणजे त्यात सोळा-सतरा पोती रीतसर येतात. अर्धा ब्रास, म्हणजे सव्वादोन टन वाळू ‘एकाच छोट्या टेम्पोत पाठवतो’ असं कुणी म्हणालं, तर गाडी तरी जास्त भरलेली असणार किंवा वाळू तरी कमी. गाडी दारात आली की उतरवण्याआधी हौद्यात टेप लावा. लांबी, रुंदी आणि सपाट केलेल्या वाळूची उंची फुटांत मोजून गुणली की घनफूट निघतात. सात फूट लांब, साडेचार फूट रुंद आणि एक फूट उंच भरलेला हौदा साडेएकतीस घनफुटांचा असतो. अर्ध्या ब्रासला तो साडेअठरा घनफूट कमी पडतो.

ओल्या वाळूचं माप फसवं असतं. थोडी दमट वाळू फुगते, आणि चार-सहा टक्के ओलावा असताना तिचं आकारमान वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढू शकतं. पावसाळ्यात मापाने घेतलेल्या वाळूत प्रत्यक्ष वाळू कमी येते हे लक्षात ठेवा.

आता पोती घ्यावीत की अर्धा ब्रास? दहा पोत्यांचं काम असेल तर 900 रुपयांची वाळू आणि 600 ची खेप, एकूण 1,500. अर्धा ब्रास मागवला तर वाळू 2,500, मोठ्या गाडीचं भाडं 1,500 धरा, आत वाहायला एक माणूस 700, म्हणजे 4,700; शिवाय 40 घनफूट वाळू अंगणात पडून. या दरांत दोन खेपांपर्यंत, म्हणजे तीस-बत्तीस पोत्यांपर्यंत, पोतीच परवडतात. त्याच्या पुढे अर्ध्या ब्रासचा विचार करा.

कुठली वाळू कशाला

नदीची वाळू अजूनही लोक आग्रहाने मागतात. घरच्या बहुतेक कामांना तिची गरज नाही. भारतीय मानक आयएस 383 मध्ये 2016 च्या सुधारणेनंतर कारखान्यात तयार केलेल्या वाळूलाही रीतसर स्थान आहे, आणि 2025 मध्ये राज्य सरकारनेही कृत्रिम वाळूसाठी धोरण आणलं. फरशीखाली, विटांच्या सांध्यात, कुंड्यांत, सगळीकडे चांगली धुतलेली क्रश सँड चालते. नदीची धुतलेली वाळू मी फक्त मुलांच्या खेळासाठी सुचवेन. तिचे कण गोलसर असतात, हातापायाला बोचत नाहीत.

दुकानात तीन नावं ऐकू येतील. जाड क्रश सँड काँक्रीटला, बारीक चाळलेली प्लास्टर सँड गिलाव्याला, आणि तिसरी ‘डस्ट’, म्हणजे क्रशरखालची पूड. डस्ट स्वस्त असते म्हणून कुंडीत किंवा फरशीखाली घालू नका. ती पाणी धरून बसते, दबून घट्ट होते आणि निचऱ्याचा उद्देशच मारते.

पोतं घेताना एक चाचणी दुकानातच करता येते. पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश वाळू घाला, वर पाणी भरा, चिमूटभर मीठ टाका, जोरात हलवा आणि तीन तास ठेवून द्या. वाळू खाली बसते, गाळ तिच्यावर. वाळूचा थर 10 सेंटिमीटर असेल आणि वर गाळ 8 मिलिमीटरपेक्षा जास्त दिसला, तर ती वाळू नदीची म्हणून घेऊ नका. क्रश सँडमध्ये दगडाची पूड जास्त असतेच. मानकात नैसर्गिक वाळूला वजनाने 3 टक्के आणि क्रश सँडला 15 टक्के अशा वेगळ्या मर्यादा आहेत. तीन तास थांबायला वेळ नसेल तर मूठभर वाळू तळहातावर चोळून झटका. हाताला चिकट माती राहिली तर दुसरं दुकान गाठा.

बिल आणि वाहतुकीचा पास मागा. विनापरवाना वाळू उपसली किंवा वाहून नेली तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत बाजारभावाच्या पाचपटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. ‘पंचगंगेतून चार पोती आणली तर काय बिघडतं’ असं वाटणाऱ्यांनी नदीचा काठ आधीच किती खचलाय ते एकदा चालत जाऊन पाहावं. कोकणातून येताना किनाऱ्यावरची वाळू भरून आणणंही टाळा. तिच्यातल्या मिठाने सळई गंजते, भिंतीवर पांढरे चट्टे येतात आणि झाडं करपतात.

मडक्यात मडकं : सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी

माठाखाली ओली वाळू पसरायची रीत आपल्या घरांत जुनीच आहे. तीच युक्ती थोडी वाढवली की भाजी ठेवायचा थंडावा तयार होतो. एक मोठी मातीची कुंडी, तिच्यात मावेल असं लहान मडकं, दोघांच्या मधल्या फटीत ओली वाळू आणि वर ओलं गोणपाट. वाळूतलं पाणी बाहेरच्या कुंडीच्या छिद्रांतून वाफ होऊन जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. हेच तत्त्व मोठ्या आकारात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विजेशिवाय चालणाऱ्या शीतकक्षासाठी वापरलं. त्यात विटांच्या दोन भिंती आणि मधल्या साडेसात सेंटिमीटरच्या पोकळीत वाळू असते.

घरच्यासाठी आतून 40 सेंटिमीटर व्यासाची कुंडी आणि बाहेरून 32 सेंटिमीटरचं मडकं घ्या. तळाला 5 सेंटिमीटर आणि बाजूने 30 सेंटिमीटर उंचीपर्यंत वाळू भरायला सुमारे 20 लिटर लागते, म्हणजे रंगाचा एक डबा. कुंडी 400, मडकं 250, वाळूचं एक पोतं 90, गोणपाट 30. एकूण 770 रुपये. एक पोतं स्कूटरच्या पायाशी बसतं, तेव्हा टेम्पोचा खर्च नाही.

शाहूपुरीची कुंभार गल्ली गणेशमूर्तींसाठी ओळखली जाते. माठ-कुंड्यांची चौकशी तिथूनच सुरू करा. रंगवलेली किंवा चकाकी दिलेली बाहेरची कुंडी अजिबात घेऊ नका, कारण तिच्यातून पाणी झिरपत नाही आणि सगळा खटाटोप वाया जातो. खरेदी करताना कुंडीच्या बाहेरच्या बाजूला पाण्याचा थेंब लावून बघा. तो पटकन शोषला गेला तर कुंडी कामाची. तळाचं भोक शाडूच्या मातीने बुजवा.

ठेवायची सावलीत आणि वाऱ्यात. जिन्याखालच्या कोंडलेल्या कोपऱ्यात ती काम करत नाही. सकाळ-संध्याकाळ वाळूवर तांब्याभर पाणी घाला. मार्च ते मे, कोल्हापूरची हवा कोरडी असताना, मेथी-कोथिंबीर, टोमॅटो, वांगी मडक्यात चांगली टिकतात. जुलैत, हवेतच ओल असताना, वाफ होत नाही. तेव्हा मडकं रिकामं करून उन्हात वाळवायला ठेवा. दूध, मासे, मटण यात ठेवू नका. फ्रीजइतकी थंडी यात येत नाही.

आलं, हळद साठवायला तर मडक्यात मडकंही नको. लाकडी खोक्यात जेमतेम दमट वाळूचे थर देऊन त्यात कंद पुरले की ते सुरकुतत नाहीत. वाळू मुठीत दाबली तर गोळा व्हावी, पण पाणी गळू नये, इतकीच ओल.

परसात फरशी

इथं खर्च खरा वाढतो, आणि तो वाळूमुळे नाही. दहा फूट बाय आठ फूट, म्हणजे 80 चौरस फुटांचं परस पेव्हर ब्लॉकने झाकायचं आहे असं धरू. सिमेंटचं काम नाही, फक्त मुरमाचा पाया, वर वाळूचा दीड इंच थर, त्यावर 60 मिलिमीटरचे ब्लॉक. वाळूचा थर 10 घनफुटांचा, दबण्या-सांडण्याचे दोन घनफूट धरून बारा, सांध्यात भरायला बारीक वाळू एक. एकूण तेरा पोती, 1,170 रुपये, आणि एक खेप 600.

मुरूम चार इंच दाबून बसवायचा तर सुमारे 33 घनफूट लागतो. तो अर्ध्या ब्रासने घ्यावा लागतो, पोहोच 2,500 धरा. ब्लॉक तुटफुटीसह 84 चौरस फूट, फुटाला 45 रुपयांनी 3,780. त्यांचं वजन हजार किलोच्या वर जातं, म्हणून दोन खेपा, 1,200. कडेला विटांची किनार आणि थोडं सिमेंट 800. बेरीज 10,050. त्यात वाळू नवव्या हिश्श्याइतकी.

या बेरजेत लोक विसरतात ती खोदलेली माती. पाया, वाळू आणि ब्लॉक मिळून आठ इंच खोल जावं लागतं. म्हणजे 53 घनफूट माती वर येते, अर्ध्या ब्रासपेक्षा जास्त. ती बागेत पसरता आली तर उत्तम, नाहीतर तीन खेपांचे 1,800 आणखी. ही माती रात्री गुपचूप जयंती नाल्यात टाकायची सवय आपल्याकडे आहे. तीच माती पुढच्या पावसात पाणी अडवून आपल्याच गल्लीत शिरवते. टाकायला अधिकृत जागा कुठली ते महापालिकेच्या विभागीय कार्यालयात विचारा.

जुन्या शहाबादी फरश्या घरात पडून असतील तर ब्लॉक आणि त्यांच्या खेपा वाचून खर्च 5,000 च्या आसपास येतो, आणि माझ्या मते परसाला शहाबादीच शोभते. ब्लॉक ज्यांना उचलवत नाहीत त्यांनी गवंडी आणि हाताखालचा माणूस दोन दिवस लावला तर 3,400 वाढतील.

कामात दोन गोष्टींवर वेळ घाला. पहिली उतार: भिंतीपासून बाहेर, आठ फुटांना दोन इंच. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी बघता येते. नळी पन्नासेक रुपयांची. दुसरी दाबणं: मुरूम एकदम चार इंच टाकून धुम्मस मारू नका. दोन इंच टाका, पाणी शिंपडा, कुटा, मग वरचे दोन इंच. वाळूचा थर मात्र ब्लॉक ठेवण्याआधी कुटायचा नाही. दोन पाइप समांतर ठेवून त्यांवरून सरळ फळी ओढली की थर सारखा होतो. त्या थरावर पाय न देता, बसवलेल्या ब्लॉकवर उभं राहून पुढे सरकायचं.

नदीकडच्या काळ्या मातीवर मुरमाचा पाया वगळला तर फरशी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात खचते. पैसे कमी असतील तर क्षेत्र कमी करा, पाया नको.

कुंड्या आणि कलमं

बारा इंची कुंडीत साधारण 20 लिटर मिश्रण बसतं. दोन भाग माती, एक भाग गांडूळखत, एक भाग जाड वाळू घेतली तर कुंडीला 5 लिटर वाळू लागते. दहा कुंड्यांना दोन पोती, 180 रुपये. कोरफड, निवडुंग यांना निम्मी वाळू चालते.

काळ्या मातीच्या वाफ्यात एक-दोन पोती वाळू मिसळून ती भुसभुशीत होईल ही समजूत सोडून द्या. थोडी वाळू चिकण मातीत मिसळली की ती अधिक घट्ट बसते. तिथं पैसे शेणखतावर घाला. कुंडीच्या तळाशी वाळूचा वेगळा थर देण्यानेही निचरा वाढत नाही. वाळू पूर्ण मिश्रणात कालवली तरच उपयोग. आणि गच्चीवर बाग असेल तर वाळू शक्यतो टाळा. वीस लिटरला 32 किलो, ओली झाली की त्याहून जास्त. जुन्या स्लॅबवर हा भार विनाकारण कशाला? तिथं कोकोपीट घ्या.

जास्वंद, क्रोटन, मोगरा, बोगनवेलीच्या फांद्या रुजवायला मात्र वाळूसारखं माध्यम नाही. फळांचा जुना क्रेट, आत गोणपाट, त्यात पाच इंच जाड वाळू; एक पोतं पुरतं. लावण्याआधी वाळूवर उकळतं पाणी ओता. जून-जुलैत पेन्सिलीच्या जाडीची, वीतभर लांबीची काडी लावा आणि क्रेट पावसाच्या थेट माऱ्याखाली ठेवू नका. सगळा खर्च दीडशे रुपयांच्या आत.

भिंतीचा तुकडा

अर्धा इंच जाडीचा, एकास चार प्रमाणाचा गिलावा 100 चौरस फुटांना सिमेंटची एक गोणी आणि पाच पोती वाळू घेतो. साहित्य 850 रुपये. दहा-वीस चौरस फुटांची डागडुजी स्वतः करा, पूर्ण भिंत गवंड्याकडे द्या. भिंत सरळ येणं हे हाताच्या सवयीचं काम आहे. मोजायला एकच डबा वापरा, आणि वाळू दमट असेल तर चार डब्यांऐवजी जवळपास पाच घ्या, नाहीतर ती फुगलेली असल्याने मालात सिमेंट जास्त होतं. चाळताना नाका-तोंडावर मास्क हवाच. क्रश सँडची बारीक पूड छातीला घातक असते.

पुराचं पाणी भिंतीत मुरलं असेल तर घाईने नवा गिलावा चढवू नका. सुटलेला गिलावा ओल चढली त्याच्या वर फूटभर काढून टाका, खिडक्या उघड्या ठेवा, भिंत पूर्ण वाळेपर्यंत थांबा. ओल्या भिंतीवर घातलेले पैसे पुढच्या वर्षी पोपडे होऊन खाली येतात.

मुलांची वाळू

चार फूट बाय चार फूट आणि नऊ इंच खोल हौदाला बारा पोती लागतात. नदीच्या वाळूचा भाव क्रश सँडच्या दुप्पट धरला तर 2,160, विटांची कड 500, झाकायला ताडपत्री 400 आणि खेप 600. तीन हजार सहाशे-सातशे होतात. झाकण वगळायचं नाही, कारण उघड्या वाळूत मांजरं घाण करतात. फ्लॅटमध्ये मोठ्या टबात दोन पोती पुरेशी होतात आणि मुलं तितकीच रमतात.

पावसाळ्याआधी दारासाठी पोती

ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळ 43 फुटांची धोका पातळी मागे टाकून 55 फुटांच्या वर पातळी गाठली, आणि जयंती नाल्याच्या बाजूने शाहूपुरीच्या सखल गल्ल्यांत पाणी आलं. अशा पाण्यापुढे दारातली वाळूची पोती टिकत नाहीत. पाणी गटारातून आणि संडासाच्या भांड्यातूनही वर येतं. तेव्हा सामान वर चढवा आणि वेळेत घर सोडा.

पण जोराच्या सरीत रस्त्यावरून उंबऱ्यात घुसणारं फूटभर पाणी पोत्यांनी थांबतं. चार फुटी दारासमोर एक फूट उंच बांध घालायला चोवीस-पंचवीस पोती लागतात, प्रत्येकी सैल भरलेली, सोळा-अठरा किलोची. एकूण वाळू दहा घनफूट. वाळू 900, रिकामी पोती 250, जाड प्लास्टिक 150, खेप 600, बेरीज 1,900. दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून खेप मागवली तर भाडं वाटलं जातं. काठोकाठ भरलेलं पोतं टणक होतं आणि दोन पोत्यांत फट राहते. सैल भरलेलं पायाने दाबलं की बसतं. आधी प्लास्टिक, मग विटांसारखी सांधे चुकवून पोती, तोंड आतल्या बाजूला दुमडलेलं. खालची रांग दुहेरी ठेवा.

विणलेलं प्लास्टिकचं पोतं उन्हात काही महिन्यांत विरतं. म्हणून पोती मे अखेरीस भरा, सावलीत रचा, आणि दिवाळीनंतर उघडून वाळू परसात वापरा. फक्त पुराचं किंवा गटाराचं पाणी लागलेली वाळू मुलांच्या हौदात, भाजीच्या कुंड्यांत किंवा मडक्यात कधीही घालू नका. ती फरशीखाली घाला.